अकरावी फळी

मासे गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात होते आणि गंज आंबिलीसाठी हवा होता. खरं म्हणजे भांडण एवढंच. पण सुचितानं ते वाढवत वाढवत नवऱ्याच्या अख्ख्या कर्तबगारीपर्यंत नेऊन ठेवलं.

"परवा महालक्ष्म्या बसतीन, तेरवा जेवणं," ती म्हणाली. "पन्नास माणूस जेवाले हाय. अन् घरातला एकुलता एक मोठा गंज तुमच्या मासोयाईनं अडवला. काचेची टाकी पलंगाखाली अन् मासोया सैपाकघरात. हे काय चालून राह्यलं?"

"स्टँड झाला की टाकी वर जाते, टाकीत मासे जातात, गंज मोकळा होते," गजेंद्र म्हणाला. इतकी सरळ गोष्ट असताना लोक चिडतात कशाला, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं.

गजेंद्र खर्चे मोताळ्याच्या एका शाळेत कारकून होता. आडनाव खर्चे असलं तरी हात जरा आखडताच, आणि त्यात मोबाइलवर व्हिडिओ पाहून वस्तू घरी बनवायचा नाद. मागच्या दिवाळीत त्यानं सैपाकघरात मसाल्याची फळी ठोकली होती. ती भाऊबीजेच्या दिवशी सगळ्या डब्यांसकट वरणाच्या पातेल्यात उतरली. त्या दिवशी पाहुण्यांनी जे पिवळंजर्द, तिखटजाळ वरण खाल्लं, त्याची गोष्ट सुचिताच्या माहेरी अजूनही सांगतात.

आणि टाकी तिच्या माहेरचीच होती. तिचा थोरला भाऊ गणेश मलकापुरात नव्या घरी राहायला गेला, तिथं टाकीला जागा नव्हती. गणेशच्या बायकोचा, राखीचा, त्या सहा माशांवर भारी जीव. म्हणून देताना तिनं अट घातली होती की मासे ऐटीत राहिले पाहिजेत, नाही तर टाकी परत. आता गणेश महालक्ष्मीच्या जेवणाला येणार होता, म्हणजे पाहणीच होती ती.

गजेंद्र आणखी काही म्हणायच्या आत सुचिताच म्हणाली, "एक सांगून ठेवते. या टायमाले स्टँड पडला तं टाकी दादासंग वापस जाईन. अन् तुमची हत्याराची पेटी सईदभाईच्या दुकानात. मंग घरात हातोडी दिसली नाही पाह्यजे मले."

 टाकी गेली असती तर गजेंद्रला वाईट वाटलं असतं. पण पेटी गेली असती तर त्याचं काही खरं नव्हतं. शाळेत दिवसभर दाखले लिहिणाऱ्या माणसाला घरी आल्यावर हातात पेचकस धरला की आपणही कोणीतरी आहोत असं वाटायचं. हे तो बायकोला कधी सांगू शकला नव्हता, आणि सांगितलं असतं तरी मसाल्याची फळी आडवी आलीच असती.

सईद त्याचा शाळेपासूनचा दोस्त. बसस्टँडजवळ त्याचं फर्निचरचं दुकान. तो म्हणाला होता, "गजुभाऊ, मीच बनवून देतो ना बे. तुह्या हातचं काम मले मालूम हाय." पण गजेंद्र ऐकेना. शेवटी सईदनं दुकानातल्या उरल्यासुरल्या प्लायचे मापात अकरा तुकडे कापून दिले, प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर टाकले, आणि कोपरा खरचटलेला काळ्या चकचकीत सनमायकाचा एक तुकडा अर्ध्या भावात दिला. ड्रिल मशीनही दिलं. राहिले पाय. चांगलं लाकूड महाग, म्हणून गजेंद्रनं घर धुंडाळलं. मागच्या खोलीत गोधड्यांच्या ढिगाखाली एक जुनं टेबल सापडलं. चार सागवानी पाय, किडीचा पत्ता नाही. गजेंद्रला लॉटरी लागल्यासारखं झालं आणि अर्ध्या तासात टेबलाचे पाय टेबलापासून वेगळे झाले.

पुढचं काम मोबाइलवर पाहून. व्हिडिओतला दिल्लीकडचा पोरगा पाच पायऱ्या सांगत होता. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मध्ये खोकल्याच्या औषधाची जाहिरात आली, ती गजेंद्रनं पुढं ढकलली, आणि पाहतो तर पोरगा "बस, हो गया" म्हणत तयार स्टँडवर हात फिरवत होता. गजेंद्रनं मागं नेऊन पाहिलं तर पुन्हा जाहिरात. त्यानं विचार केला, एका जाहिरातीच्या वेळात असं काय मोठं झालं असेल.

मंगळवारी संध्याकाळी स्टँड उभा राहिला. आणि खरं सांगायचं तर दिसायला फक्कड झाला. पुढं दोन झडपा, काळीभोर झळाळी, खरचटलेला कोपरा भिंतीकडे. गजेंद्रनं त्यात पाहून भांग पाडला. मग सामान आवरताना त्याच्या हाताला एक फळी लागली. तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ११.

त्यानं ती उभी धरली, आडवी धरली, स्टँडभोवती दोन चकरा मारल्या. कुठं भोक नव्हतं, कुठं फट नव्हती. मग ही कुठली?

"हे काऊन उरलं?" सुचितानं विचारलंच.

"एक्स्ट्रा असन. कारागीर लोक एखादी जास्तच देतात."

"सईदभाई? अन् जास्त?" एवढंच म्हणून ती आत गेली. गजेंद्रनं फळी अंगणात भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्याकडे पाहायचं टाळलं.

बुधवारी सकाळी मागच्या खोलीतून विमलबाईंची हाक आली. विमलबाई म्हणजे गजेंद्रची आई. गळ्यात माळ, बोलणं मोजकं.

"गजू, टेबल कुठी हाय?"

"कोणतं टेबल, माय?"

"महालक्ष्मीचं. तुह्या आजानं केलेलं."

 महालक्ष्म्या दरवर्षी एका टेबलावर बसतात हे गजेंद्रला माहीत होतं. पण त्या तीन दिवसांत टेबल पैठणीत झाकलेलं असायचं आणि उरलेलं वर्षभर गोधड्यांखाली. चाळीस वर्षांत त्यानं ते उघडं असं कधी पाहिलंच नव्हतं. मागच्या खोलीत आता गोधड्या जमिनीवर होत्या आणि टेबलाची वरची फळी भिंतीला लागून उभी होती, पायांवाचून.

सगळं ऐकून विमलबाई रागावल्या नाहीत, आणि त्यानं गजेंद्र अधिकच घाबरला. त्या हॉलमध्ये आल्या. स्टँडभोवती फिरल्या. बोटानं टकटक करून पाहिलं.

"याच्यात त्याचेच पाय हायेत ना?"

"हाव."

"मंग त्या आपल्याच टेबलावर बसून राह्यल्या समज."

"माय, ते मासोयाईचं हाय."

"बसल्या का मासोया अजून त्यावर?"

"नाही."

"मंग?"

 घरात मासे आणायलाच मुळात माळकरी विमलबाईंचा विरोध होता. "खायच्या नाही, पाहायच्या हायेत," असं त्यानं समजावलं तेव्हा, "पाहून पाहूनच खावं वाटते माणसाले," असं त्या म्हणाल्या होत्या. आता बाजू लढवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी त्याला शेवंती, केवडा आणि केळीचे खांब आणायला पिटाळलं. मासे गंजातून न्हाणीघरातल्या बादलीत गेले, आणि घरातली माणसं जपून आंघोळी करू लागली.

दोन वाजता गजेंद्र फुलं घेऊन परतला तेव्हा स्टँड दिसतच नव्हता. पैठणी वरपासून जमिनीपर्यंत आली होती, पुढं रांगोळी, आणि वर ज्येष्ठा-कनिष्ठा दोघी बसल्या होत्या. मुखवटे उजळलेले, नाकात नथा. त्यांच्या धडाच्या पत्र्याच्या कोठ्या रीतीप्रमाणे गळ्यापर्यंत ज्वारीनं भरलेल्या. बाजूला पितळी समया, कलश, फळांची दोन ताटं.

"उंची बरी आली यंदा," सुचिता म्हणाली. गजेंद्रला जरा बरं वाटलं.

ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी सईद ड्रिल मशीन न्यायला आला.

"अकरा नंबर कुठी बसवला?" त्यानं सहज विचारलं.

"तो उरला."

 सईद म्हणाला, "गजुभाऊ, तो उरत नाही. तो मधातला टेका हाय. वरच्या फळीचं सारं वजन त्याच्यावर. पाय तं फक्त कडा धरतात."

"मंग आता काय होईन?"

"काही नाही. आस्ते आस्ते मधात दबन. मंग एकदम जाईन."

"कवा?"

"ते वजनावर हाय. काय ठेवलं वरती?"

गजेंद्रनं हॉलकडे बोट दाखवलं. सईदनं दारातून आत पाहिलं. समया, कलश, ज्वारीनं भरलेल्या कोठ्या. त्यानं चपला काढल्या, मग पुन्हा घातल्या. "या अल्ला," तो हळूच म्हणाला. "फळी दे. मी पैठणी उचलून खालून घालतो."

"आता हात नाही लावायचा," आतून विमलबाई म्हणाल्या. "बसल्या त्या. उठतीन तवा उठतीन."

तसंही फळीचा प्रश्न मिटलाच होता. सुचिता झारा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "ते अंगणातलं लाकूड? ते तं चुलीत गेलं. फुलोरा तळला त्यावर. मुदलात जळेच ना, लय धूर केला मेल्यानं."

गुरुवारी सकाळपासून गजेंद्र महालक्ष्म्यांपाशी बसला. बसला म्हणजे कसा, तर पैठणीच्या आड डावा हात सरकवून, पंजा वरच्या फळीच्या कडेखाली टेकवून, खांदा ताठ. एका माणसाच्या एका हातानं नेमकं काय थांबणार आहे, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण हात काढायचं धाडस होईना.

लोक यायला लागले आणि पाहू लागले. शेजारच्या बेबीताई म्हणाल्या, "गजू लय देवभोया झाला वं विमलबाई. सकायपासून जागचा हालला नाही." मग पुढची बाई आली, तिनं देवीला हळदकुंकू वाहिलं आणि जाता जाता गजेंद्रच्याही कपाळाला लावलं. दुपारपर्यंत त्याचं कपाळ भरून गेलं. एका म्हाताऱ्यानं तर त्याला विचारलं की नातवाच्या नोकरीचं काही दिसते का. गजेंद्र म्हणाला, "मले आता काहीच दिसून नाही राह्यलं." म्हाताऱ्यानं मोठ्या समजुतीनं मान हलवली.

साखरखेर्ड्याच्या सोजराबाई आल्या तेव्हा मात्र त्याच्या जिवाचं पाणी झालं. बाई अंगानं भरल्या. त्यांनी ओटी भरली, दोन्ही हात स्टँडच्या कडेवर दाबून टेकवले आणि सगळ्या वजनानिशी वाकून डोकं टेकलं. त्याच क्षणी कट्ट असा आवाज आला. गजेंद्रनं डोळे मिटले. उघडून पाहतो तर महालक्ष्म्या जागच्या जागी, आणि पंगतीत गणेशनं पापड मोडला होता.

"जवाईबापू, या ना जेवाले," गणेश म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढं. मी मांगून बसतो."

विमलबाई वाढत होत्या. त्यांनी लेकाकडे पाहिलं. जाता जाता तुपात बुडवलेली एक पुरणपोळी त्याच्या उजव्या हातात देऊन गेल्या. डावा हात आत, उजव्या हातात पोळी, असा तो शेवटची पंगत उठेपर्यंत, म्हणजे चार वाजेपर्यंत बसून राहिला. खांद्याला मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या.

जेवण झाल्यावर गणेशनं सुपारी कातरत विषय काढला. "टाकी कुठी हाय?"

"पलंगाखाली," सुचिता म्हणाली. "स्टँडवर महालक्ष्म्या हायेत ना."

"म्हणजे ह्यो जवाईबापूनं बनवलेला स्टँड हाय?" गणेश चार पावलं मागं सरकला. त्यानं ते वरण खाल्लेलं होतं. "असं करतो, आज मुक्काम करतो. उद्या त्या उठल्या की टाकी भरून पाहू. थांबली तं थांबली. नाही तं राखीनं सांगतलंच हाय, घेऊन येजा."

गजेंद्रनं अंगणात जाऊन सईदला फोन लावला.

"किती लिटर हाय टाकी?" सईदनं विचारलं.

"नव्वद."

"म्हणजे नव्वद किलो. काच वेगळी."

 पाण्याला वजन असतं हे बादल्या उचलून गजेंद्रला ठाऊक होतं. पण टाकीत गेल्यावरही ते वजन तसंच राहतं, ही गोष्ट त्याच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. त्यानं स्टँड रिकामी टाकी डोळ्यांसमोर ठेवूनच बनवला होता. "सकायी ये बावा," तो म्हणाला. "दुसरी फळी घेऊन ये. मांगच्या दारानं."

शुक्रवारी सकाळी अक्षता पडल्या, महालक्ष्म्या उठल्या. गणेश आणि सुचिता निर्माल्य घेऊन नळगंगा नदीवर गेले. ते वळणावरून दिसेनासे होताच सईद नवी फळी घेऊन मागच्या दारानं आत आला. दोघांनी पैठणी काढली, घडी केली, आणि गजेंद्रनं झडप उघडली.

आत, अगदी मधोमध, तेलाचे दोन पिपे एकावर एक उभे होते. वरच्या पिप्याच्या आणि फळीच्या मध्ये घडी घातलेलं पोतं दाबून बसवलेलं. सईदनं ढकलून पाहिलं. हललं नाही. पिप्यावर टिचकी मारली.

"गहू," तो म्हणाला. "गच्च भरेल हायेत. हे कोणं ठेवले?"

"मीनं," विमलबाई म्हणाल्या. त्या मुखवटे मऊ धोतरात गुंडाळत होत्या. "लक्ष्मीच्या खाली रितं नाही ठेवत. आमच्या टेबलाखाली दरसाल गव्हाचं पोतं राहे."

"कवा ठेवले?" गजेंद्रनं विचारलं.

"तू फुलं आणाले गेला तवा."

 म्हणजे काल दिवसभर गजेंद्र जे धरून बसला होता, ते पडणारच नव्हतं. खांदा अजून वर होत नव्हता. "मंग काल सांगतलं काऊन नाही, माय?"

"तू देवीपाशी बसला होता. मले वाटलं भक्ती करून राह्यला."

सईद अजून वाकून आत पाहत होता. "काकू, रितं नको म्हणून गहू ठेवले, ते समजलं. पण वरती हे पोतं काऊन कोंबलं?"

"उंदरं येतात," विमलबाई म्हणाल्या आणि मुखवटे घेऊन आत गेल्या.

सईदनं गजेंद्रकडे पाहिलं, गजेंद्रनं सईदकडे. उंदरांचा आणि त्या पोत्याचा काय संबंध, हे दोघांनाही कळेना. सईदनं आणलेली फळी पिप्यांशेजारी धरून पाहिली आणि पुन्हा काखेत मारली. "राहू दे. माया टेक्यापेक्षा भारी काम हाय. फक्त खाऊ नका," असं म्हणून त्यानं झडप लावली आणि आला तसा मागच्या दारानं गेला.

टाकी चढली. गणेशनं स्वतः मोजून सहा मोठ्या बादल्या पाणी ओतलं. प्रत्येक बादलीला गजेंद्र श्वास धरत होता आणि प्रत्येक बादलीनंतर स्टँड तसाच होता. मासे सुटले. काळ्या झळाळीवर ती टाकी अशी दिसू लागली की गणेशनं मागून, पुढून, बाजूनं हलवून पाहिलं आणि शेवटी राखीला फोटो पाठवला. तिकडून लगेच उत्तर आलं की मासे खुश दिसून राहिले, राहू द्या तिथंच.

सुचिता बराच वेळ टाकीकडे पाहत उभी होती. मग म्हणाली, "बरा झाला." लग्नाला चौदा वर्षं झाली, पण गजेंद्रच्या हातच्या कुठल्याच वस्तूला तिनं असं म्हटलं नव्हतं. "पेटी राहू द्या घरात," ती पुढं म्हणाली, "कुठी न्यायचं काम नाही." गजेंद्रला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी पिप्यांची गोष्ट ओठांवर आली. खरं सांगून टाकावं, असं त्याला मनापासून वाटलं. त्यानं तोंड उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चहा ठेव."

महिनाभर सुखाचा गेला. गल्लीतल्या बाया मासे पाहायला येत, सुचिता त्यांना झडपांची चकाकी दाखवी, आणि 'यायनंच बनवलं' हे सांगताना तिच्या आवाजात असं काही असे की गजेंद्र दुसऱ्या खोलीत उभा राहून ऐके.

मग एका रविवारी पिठाचा डबा खडखडला.

"दळण आणा," सुचिता म्हणाली. "स्टँडमधी गव्हाचे दोन पिपे दिसले मले काल झाडताना. काढून द्या."

"मी विकतचं पीठ आणतो," गजेंद्र घाईनं म्हणाला.

"काऊन? घरात गहू असून?"

"विकतचं बारीक राह्यते."

"डोकं ठिकाणावर हाय ना? तुम्ही अन् विकतचं?" सुचितानं त्याच्याकडे नीट पाहिलं. ज्या माणसानं सनमायकासुद्धा खरचटलेला आणला, तो घरचे गहू सोडून पिशवीबंद पीठ आणतो म्हणतो, हे तिला पटेना. "सरका. मीच काढते." तिनं झडपेला हात घातला. गजेंद्र भिंतीला टेकून उभा राहिला. टाकीतले मासे आपले फिरत होते.

"हात नोको लावू त्याले," कोपऱ्यात जपमाळ ओढत बसलेल्या विमलबाई म्हणाल्या. "महालक्ष्मीचे गहू हायेत ते. हलवायचे नसतात."

सुचिताचा हात तिथंच राहिला. "असं कवा होतं आत्याबाई? दरसाल तं दुसऱ्याच आठवड्यात दळतो आपण."

"या सालापासून हाय," विमलबाई म्हणाल्या.

सुचितानं झडपेवरचा हात काढला. तिनं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. गजेंद्रही आईकडेच पाहत होता. रीत म्हणून ठेवले होते ते पिपे, की तिला पहिल्याच टकटकीत सगळं कळलं होतं? विमलबाईंनी डोळे मिटले होते आणि माळेचा एक एक मणी शांतपणे पुढं सरकत होता.  गजेंद्रनं खुंटीवरची पिशवी घेतली, चपला पायात सरकवल्या आणि तो पीठ आणायला गेला.